अभ्यास चालू आहे

अण्णांना कुणी वजन विचारलं, तर ते आकडा सांगत नाहीत. "कुठल्या काट्यावरचं?" असं आधी विचारतात. मग सकाळचं की रात्रीचं, जेवणाआधीचं की नंतरचं, खिशातला मोबाईल धरून की वगळून, असे पोटप्रश्न निघत जातात आणि आपली बस चुकल्याचं विचारणाऱ्याच्या लक्षात येतं. जाताजाता अण्णा म्हणतात, "कमी करायचंय. अभ्यास चालू आहे."

हा अभ्यास आमची कोथरूडची सोसायटी गेली कित्येक वर्षं पाहते आहे. बँकेतून निवृत्त झाले तेव्हा अण्णांना निरोपसमारंभात चालायचे बूट मिळाले. ते अजून खोक्यात आहेत, कारण पाऊल टाकताना आधी टाच टेकवायची की चवडा, यावर तज्ज्ञांचं एकमत झालेलं नाही. ते झालं की अण्णा निघणार आहेत.

आपल्या पँटचं माप नोकरीला लागल्यापासून 36 च आहे, असं अण्णा छातीठोकपणे सांगतात आणि ते खरंही आहे. पट्टा फक्त खाली सरकत गेला. तरुणपणी तो बेंबीवर होता, मुलाच्या मुंजीत बेंबीखाली आला आणि आता इतका दक्षिणेला गेलाय, की बक्कल अण्णांना दिसत नाही, अंदाजानं लावावं लागतं. मधल्या काळात वरच्या बाजूला जे काही घडलं, त्याची नोंद शिंप्याच्या वहीत नाही. एकदा वहिनींनी शिवणकामाची टेप आणून बेंबीपाशी धरली. अण्णांनी श्वास आत ओढला, पोट जागचं हललं नाही. "भारतीय पुरुषाला 90 सेंटिमीटरपर्यंत चालतं, बायकांना 80," टेप फिरत असतानाच अण्णांनी माहिती पुरवली. टेपवर 104 आले. अण्णांनी ती दोन बोटांत धरून नीट पाहिली आणि म्हणाले, "कापडी आहे. धुण्यात आटली असणार."

अण्णांशी वाद घालणाऱ्याची पंचाईत ही, की त्यांचं एकही वाक्य खोटं नसतं. सुरुवातीला आम्ही त्यांचं बोलणं गुपचूप मोबाईलवर तपासून पाहायचो. प्रत्येक वेळी अण्णाच बरोबर निघाले. बीएमआयचंच घ्या. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागायचं, हे कुणालाही ठाऊक असतं. हे गणित 1830 च्या दशकात क्वेटलेट नावाच्या बेल्जियन गृहस्थानं मांडलं, त्याला 'सरासरी माणूस' शोधायचा होता आणि तो मुळात खगोलशास्त्रज्ञ होता, हे अण्णांना ठाऊक असतं. "ग्रहगोल मोजणाऱ्याचं माप मला कसं लागू पडेल?" अण्णांनी भर दिवाळी फराळात विचारलं. "तुम्हाला अगदी बरोबर पडेल," वहिनी चकल्यांचा डबा पलीकडे सरकवत म्हणाल्या.

आहाराच्या बाबतीत अण्णांनी कुणालाच दुखावलेलं नाही. महाराष्ट्रात डॉ. जगन्नाथ दीक्षितांचा बोलबाला झाला, तेव्हा घराघरांत दोनदा जेवणारे आणि दोनदा न जेवणारे असे तट पडले. दिवसातून दोनच वेळा जेवायचं, प्रत्येक जेवण 55 मिनिटांत संपवायचं आणि 45 मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचं, असा तो मार्ग. अण्णांना त्यातली 55 मिनिटं मनापासून पटली. इतकी वर्षं ते वीस मिनिटांत जेवून उठायचे, म्हणजे 35 मिनिटं वाया जात होती. अण्णा ताटावर बसताना मोबाईलवर वेळ लावतात. चाळिसाव्या मिनिटाला दुसऱ्यांदा भात येतो. पन्नासाव्या मिनिटाला घरात धावपळ सुरू होते आणि 54 व्या मिनिटाला श्रीखंडाची वाटी पानात पडते. एकदा पाहुणा गप्पा मारत बसल्यामुळे घंटा वाजली तेव्हा वाटीत अर्धं श्रीखंड शिल्लक होतं. अण्णांनी नियम मोडला नाही. वाटी रात्रीच्या 55 मिनिटांत जमा केली.

मग आहारतज्ज्ञ रुजुता दिवेकरांची पुस्तकं घरात आली. आजीच्या हातचं खा, भाताला आणि तुपाला घाबरू नका, हे वाचून अण्णांचे डोळे पाणावले. त्यांनी दीक्षितांकडून मिनिटं घेतली आणि दिवेकरांकडून तूप घेतलं. दोघांनीही सांगितलेला व्यायाम तेवढा या वाटाघाटीत राहून गेला.

चालण्याला अण्णांचा तात्त्विक विरोध नाही. रविवारी सकाळी ते वेताळ टेकडीच्या पायथ्यापर्यंत स्कूटरवर जातात, वर जाणाऱ्यांना श्वास कसा घ्यायचा ते सांगतात आणि खाली येणाऱ्यांबरोबर पोहे खाऊन परततात. रोज दहा हजार पावलं चालण्याचा विषय निघाला, की ते हसतात. "1965 साली एका जपानी कंपनीनं पावलं मोजायचं यंत्र काढलं, त्याच्या नावातच दहा हजारांचा आकडा होता. तिथून तो जगभर पसरला. जाहिरातीला मी भुलत नाही."

"मग किती चालायचं?" वहिनींनी विचारलं.

"2019 साली हार्वर्डच्या संशोधकांनी वयस्क बायकांची पावलं मोजली. 7,500 च्या आसपास फायदा वाढायचा थांबतो, असं दिसलं."

"मग चला, अडीच हजारांची सूट मिळाली."

"तो बायकांवरचा अभ्यास आहे," अण्णा म्हणाले आणि त्यांनी पाय खुर्चीवर घेतले. वहिनी मात्र त्या संध्याकाळी एकट्याच चालून आल्या.

तरीही मुलानं वाढदिवसाला पावलं मोजणारं घड्याळ आणून दिलं. अण्णांच्या मनगटावर त्यानं संध्याकाळपर्यंत 1,100 पावलं दाखवली. यंत्राची पारख करावी, म्हणून दुसऱ्या दिवशी अण्णांनी ते घरकामाच्या मावशींच्या हातात बांधलं. मावशी आमच्या दोन इमारतींत मिळून सहा घरं करतात. संध्याकाळी आकडा 19,000 च्या पुढे गेला होता. अण्णांनी घड्याळ बिघडलंय म्हणून दुकानात नेलं. मावशींचं म्हणणं निराळंच होतं. "काचेवर सारखे फटाके उडतात न् काय काय लिहून येतं. भांडी घासू का त्याच्याकडं बघू?"

लठ्ठपणा वाढला का, यावर अण्णांनी बोलावं आणि आपण ऐकावं. "अरे, पूर्वी दही संपलं की पातेलं घेऊन कोपऱ्यावर जावं लागे. गिरणीत दळण न्यायचं, ते आणायला परत जायचं. फोन वाजला तर उठायचं, टीव्हीचा आवाज कमी करायचा तरी उठायचं. ही सगळी ये-जा एकेक करून आयुष्यातून काढून टाकली, खाणं मात्र दळण वाहणाऱ्याचंच ठेवलं. वर साखर आणि तळण स्वस्त झालं, मग पोट सुटेल नाही तर काय?" याहून नेमकं कुणी सांगितलेलं मी ऐकलेलं नाही. हे चालू असताना बेल वाजली. मागवलेलं दही आलं होतं. सामान पोचवणाऱ्यांनी लिफ्ट वापरू नये, असा आमच्या सोसायटीचा एक लाजिरवाणा ठराव आहे, म्हणून दही आणणारा मुलगा चार मजले चढून धापा टाकत उभा होता. अण्णांनी त्याच्याकडे कौतुकानं पाहिलं. "नशीबवान आहेस," ते म्हणाले, "आमच्या वेळी याला पैसे मिळत नसत."

सरकारी आकडेही अण्णांच्या जिभेवर असतात. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 24 टक्के बायका आणि 23 टक्क्यांच्या आसपास पुरुष जास्त वजनाचे किंवा लठ्ठ निघाले, त्याआधीच्या पाहणीत हेच आकडे 21 आणि 19 च्या घरात होते. "म्हणजे साधारण चौघांत एक," अण्णांनी हिशेब मांडला. "आपल्या घरात माणसं चार. मुलगा, सून आणि तू सुटावीस म्हणून मी ते एकट्यानं अंगावर घेतलंय."

"ते आकडे 15 ते 49 वयाच्यांचे होते," सूनबाई मोबाईलमधून डोकं वर न काढता म्हणाली.

अण्णा क्षणभर गप्प झाले. मग चेहरा उजळला. "म्हणजे मला मोजलेलंच नाही! सरकारदरबारी मी लठ्ठ नाही."

मी हाडकुळा. लहानपणापासून मला 'काडी' म्हणतात. त्यामुळे अण्णांच्या व्याख्यानांना मी परक्या गावच्या पाण्याच्या टंचाईची बातमी ऐकावी तसा बसायचो. एकदा त्यांनी माझ्याकडे मोर्चा वळवला. "तुझ्यासारखे तर आतून जाडे असतात." मी हसलो. अण्णांनी मोबाईलवर दोन डॉक्टरांचा फोटो काढून समोर धरला. एक आपल्या पुण्यातल्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघंही शिडशिडीत, दोघांचाही बीएमआय 22.3. पण अंगातली चरबी तपासली, तर युडकिनांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के. 2004 साली 'लॅन्सेट'मध्ये हे छापून आलं. "आपण भारतीय हातापायांनी बारीक दिसतो, स्नायू कमी आणि चरबी पोटात दडवून ठेवतो," अण्णा म्हणाले. "मी निदान उघड व्यवहार करतो. तुझा सगळा काळा पैसा."

त्यांचं तोंड बंद करायला मी रक्त तपासून घेतलं. तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा 5.9 आला. मधुमेह नाही, पण 5.7 ची वेस ओलांडलेली. अहवाल पाहून अण्णांना इतका आनंद झाला, की ते आत जाऊन पेढे घेऊन आले. मग काय आहे ते लक्षात येऊन पेढ्यांची वाटी त्यांनी स्वतःकडेच ठेवली आणि मला स्नायू वाढवण्याचं महत्त्व समजावून सांगितलं. तेव्हापासून मी जिना चढतो आणि सकाळी जोर काढतो.

सोसायटीत असं बरंच झालं. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी अण्णांचं ऐकून रात्रीचं जेवण सातला आणलं. वॉचमननं तीन चमचे साखरेचा चहा एक चमच्यावर आणला. रथसप्तमीला गच्चीवर सामुदायिक सूर्यनमस्कार ठेवले, तेव्हा उद्घाटनाला अण्णा होते. औंध संस्थानच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्कार शाळाशाळांत कसे नेले, इथून त्यांनी सुरुवात केली आणि ते मूळ मुद्द्यावर येईपर्यंत सूर्य डोक्यावर आला. पण पोरांना विषय आवडला. आता ती रोज सकाळी गच्चीवर जमतात आणि अण्णा खालून गॅलरीतून आकडा मोजतात.

परवा वार्षिक सर्वसाधारण सभेत 'ऐनवेळचे विषय' आले आणि अण्णा कागद घेऊन उभे राहिले. गेल्या वर्षभरात आरोग्य उपक्रमात भाग घेतलेले सभासद 14, त्यांचं मिळून उतरलेलं वजन 42 किलो. टाळ्या पडल्या. त्यांतले 7 किलो एकट्या वहिनींचे होते.

"अण्णा, यात तुमचे किती?" चेअरमननी विचारलं.

"सरासरीत माणूस वेगळा काढायचा नसतो," अण्णा म्हणाले. "क्वेटलेटनं आयुष्यभर दुसरं काय सांगितलं? 14 माणसं, 42 किलो. माझेही तीन उतरले."

सभा खो खो हसली. मग वहिनी उठल्या. ठरावाला त्यांनी अनुमोदन दिलं, पण दुरुस्तीसह. "हे तीन किलो यांच्या नावावर उचल म्हणून लिहून घ्या. वसुली उद्या सकाळी सहाला, टेकडीवर. जामीन मी राहते."

दुरुस्ती एकमतानं मंजूर झाली. अण्णा तीस वर्षं बँकेत होते, वसुलीची नोटीस त्यांना ओळखता येते. त्यांनी शांतपणे कागदाची घडी खिशात ठेवली, व्याजाचा दर विचारला आणि मुदतवाढीचा अर्ज कुणाच्या नावानं करायचा, ते चेअरमनकडून लिहून घेतलं.