फॉलोअपराव

मंडईत पुणेकर ‘येताना घेतो’ म्हणाला की भाजीवाल्या मावशी पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतात. हा गेला, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. ते ठाऊक नसलेला आख्ख्या मंडईत एकच माणूस आहे. आमचे फॉलोअपराव.

मंडईमागच्या बोळात, मसाल्याच्या गोदामाच्या डोक्यावर त्यांचं ऑफिस. काही पोरी, त्यांचे हेडफोन, खालून येणारा मिरचीचा खकाणा आणि फ्लॅट विकायचं सॉफ्टवेअर. कॉल संपला की स्क्रीनवर यादी उघडते: इंटरेस्टेड, नॉट इंटरेस्टेड, कॉल बॅक, स्विच ऑफ, आरएनआर, म्हणजे नुसताच वाजला. यातलं एक निवडून पुढची तारीख टाकल्याशिवाय दुसरा नंबर लागत नाही. ‘नॉट इंटरेस्टेड’ला फॉलोअपरावांची मंजुरी लागते, आणि ती आजवर कुणाला मिळालेली नाही.

त्यात गिऱ्हाईक पुण्याचं. एका आजोबांनी फ्लॅटचं नाव निघू न देता पोरीचं मराठी शेवटपर्यंत सुधारलं. फॉलोअपरावांनी टॉकटाइम पाहिला आणि लीड ‘हॉट’ केली. ‘आमचा वाडा आहे, भाडेकरूंसकट घेता का?’ असं विचारणारा ‘वॉर्म’. प्रॉपर्टीत रस तर आहे! २०२४ मध्ये इथलं भुयारी मेट्रो स्टेशन सुरू झाल्यापासून ‘मेट्रोत आहे, आवाज येत नाही’ ही नवी सबब आली. फॉलोअपराव घड्याळ बघतात. “मंडईनंतर स्वारगेट, तिथे गाडी संपते. लाव आता.”

परवा एका नंबरावर मुलगा म्हणाला, “बाबा गेले हो, मागच्या महिन्यात.” पोरगी कावरीबावरी झाली. “सर, काय टाकू?” लीड बंद करायला यादीत कारणं तीनच: बजेट, लोकेशन, दुसरीकडे घेतलं. फॉलोअपरावांनी क्षणभर डोळे मिटले, हात जोडले.

“दुसरीकडे घेतलं, टाक. आणि मुलाच्या नावाने नवीन लीड उघड.”

माणूस दुष्ट नाही. ‘नाही’ हा शब्दच त्याला ऐकू येत नाही, एवढंच. फॉलोअपरावांना मी एकदा खिडकीतून दिसणारा मंडईचा अष्टकोनी मनोरा दाखवला. म्हटलं, अहो, जोतीराव फुले नगरपालिकेत होते तेव्हा या बाजाराच्या खर्चाला त्यांनी स्पष्ट विरोध केला होता. इमारत १८८६ मध्ये उभी राहिली, तीही गव्हर्नर रे यांच्या नावाने. काही माणसं नाही म्हणतात आणि त्यांना नाहीच म्हणायचं असतं.

“आणि आज नाव कुणाचं आहे?”

“महात्मा फुले मंडई.”

“झाली की नाही कन्व्हर्ट!”

यावर मी काय बोलणार? चहा घेतला.

महिनाअखेरीला मालक बुकिंगचा आकडा विचारतात. फॉलोअपराव त्यांना रंगीत आलेख दाखवतात. हॉट लीडचा लाल खांब वरच्या रेघेला टेकलेला असतो, बुकिंगचा शोधावा लागतो. मालक उसासा टाकून जिना उतरतात. त्यांच्या नावापुढेही बहुधा ‘वॉर्म’ असावं.

एवढ्यात फॉलोअपरावांचा स्वतःचा मोबाइल थरथरतो. सॉफ्टवेअरवाल्यांचा पोरगा, वर्षाचं नूतनीकरण राहिलंय. फॉलोअपराव फोन टेबलावर पालथा घालतात.

“उचला की,” मी म्हणतो.

“छे! वाजू दे. आत्ता आरएनआर टाकेल, चारला पुन्हा करेल.” ते कौतुकाने मान हलवतात. “महिनाभर रोज करतोय. त्याला इकडेच घ्यावं म्हणतो.”