फर्म्याचे धनी

मानधनाचा विषय निघताच ज्यांच्या दुकानात चहा येतो आणि चहा संपताच ज्यांना तातडीने बाइंडरकडे जावे लागते, ते अप्पा बळवंत चौकातले प्रकाशक आपणां सर्वांच्याच परिचयाचे आहेत. त्यांचे इतर अपराध पोटात घालता येतील, फर्मा मात्र नाही. छापलेला ताव तीनदा दुमडला की १६ पृष्ठांचा एक फर्मा होतो, ही मुद्रणव्यवसायातील साधी बाब. परंतु या गृहस्थांनी तिला अखिल ब्रह्मांडाचे परिमाण करून टाकले आहे. नायिका कशाने मेली याचे त्यांना सोयरसुतक नसते, चालू फर्म्यात मेली म्हणजे झाले. १९६२ साली साहित्य महामंडळाच्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वारांना रजा दिली, तेव्हा विद्वज्जन कोणी हळहळले, कोणी हर्षले, यांनी गंभीरपणे पृच्छा केली, "त्यात फर्मा कितीसा वाचेल?" नातवाच्या मुंजीत पंगतीही सोळासोळांच्याच बसल्या, आणि सतराव्या पाहुण्याला "तुम्ही पुढच्या फर्म्यात" असे सांगून दारातच थोपवण्यात आले.

अखेर प्रकाशनव्यवसायावर एक विनोदी कादंबरी लिहून, तीत हाच मासला यथासांग रंगवून, मी ते हस्तलिखित सूडबुद्धीने यांच्याच हवाली केले. त्यांनी ते अथपासून इतिपर्यंत वाचले.

"११ फर्मे आणि ३ पाने. तीन कापा, नाहीतर तेरा वाढवा."

"आणि तो प्रकाशक?"

"त्यालाच वाढवा. बेरकी आहे. असले लोक आमच्या धंद्यात फार!"

सांगणे जिवावर येते, पण एका अकाली निवर्तलेल्या कवीचा संग्रह, ज्याला चौकात कोणी हात लावीना, तो यांनीच काढला. तो भरला ४ फर्मे आणि ५ पृष्ठे. एरवी उरल्यासुरल्या पृष्ठांवर स्वतःच्या पाकशास्त्राच्या पुस्तकांची जाहिरात ठासून भरणाऱ्या या माणसाने ११ पृष्ठे कोरी सोडली. कवीच्या ओळींशेजारी लोणच्याची कृती येऊ दिली नाही. कारण विचारले तर माझ्यावरच खेकसले, "कागद स्वस्त होता!" त्याच महिन्यात कागदाच्या महागाईची सबब पुढे करून माझ्या कादंबरीतला एक अख्खा फर्मा त्यांनी छाटायला लावला होता, आणि त्यात तो वाढवलेला बेरकी प्रकाशक जवळजवळ सगळाच कामास आला.