चौदा काठ्यांची काळजी

घरातल्या कर्त्या पुरुषाने गोल्फ मनावर घेतला की पहिल्या वर्षी बूट येतात, दुसऱ्या वर्षी पूर्ण सेट येतो आणि तिसऱ्या वर्षी थायलंड येतं. हुआ हिनचं पॅकेज ठरतं, सोबतीला तिघं मित्र ठरतात, टोप्यांचा रंगसुद्धा ठरतो. राहतो तो एकच प्रश्न: काठ्या न्यायच्या कशात?

हातात नेता येत नाहीत. विमानतळावरच्या मनाईच्या यादीत त्या क्रिकेटची बॅट आणि हॉकी स्टिक यांच्या पंगतीला बसल्या आहेत. अमेरिकेत २०१३ साली प्रवाशाला दोन क्लब केबिनमध्ये नेऊ द्यावेत असा प्रस्ताव आला होता. त्याच प्रस्तावात छोटे चाकूही होते, त्यावरून गदारोळ झाला आणि सगळंच बासनात गेलं. तीन फुटांचा पट हुकल्यावर एखाद्या सन्माननीय सभासदाचा चेहरा ज्यांनी जवळून पाहिला आहे, त्यांना चाकूपेक्षा क्लबच जास्त धोक्याचा वाटला असता.

आणि काठ्या काही एक-दोन नव्हेत. नियमाने १४ चालतात. एके काळी मंडळी वीस-पंचवीस क्लब घेऊन हिंडू लागली होती, म्हणून १९३८ साली अमेरिकेत आणि पुढच्या वर्षी सेंट अँड्र्यूजच्या आर अँड ए या संस्थेने ही कमाल मर्यादा घातली. आपल्याकडे ती किमान मर्यादा समजतात. चौदांतल्या पाचांशीच ओळख असली तरी चौदाही परदेशी जातात. मागे राहिलेल्या नऊ जणींना काय वाटेल?

दुकानात या बाबतीत दोन पंथ आहेत, कडक आणि मऊ. कडक पंथाची पेटी जाड प्लास्टिकची, कड्या-कुलपांची. हिच्यावर हत्ती उभा राहिला तरी काही होणार नाही, असं दुकानदार छातीठोकपणे सांगतो. थायलंडात हत्ती आहेत, हे खरं. पण पेटीला विमानात चढायच्या आधी टॅक्सीत चढावं लागतं. ड्रायव्हर नावाचा क्लब ४५ इंचांच्या आसपास, म्हणजे पेटी चार फूट; आणि मुंबईच्या टॅक्सीच्या डिकीत सीएनजीची टाकी. मग पेटी मागच्या सीटवर तिरपी पहुडते आणि मालक पुढे, तिच्या टोकाला मान वाचवत बसतो. शिवाय ती रिकामी झाली तरी तेवढीच राहते, त्यामुळे हॉटेलच्या खोलीत चार दिवस तिच्यावरून उड्या मारत न्हाणीघर गाठायचं.

मऊ पंथाचं कव्हर बॅलिस्टिक नायलॉनचं. चाकं असतात, घडी होते, कपाटात जातं. दुकानदार ‘१६८० डेनियर’ म्हणतो आणि गिऱ्हाईक सगळं समजल्यासारखी मान हलवतं. डेनियर म्हणजे ९,००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. धागा जाड, कापड चिवट, बस्स. पण विमानतळावर कापड फाटण्याची भीती कमी. मोडतो तो आतला ड्रायव्हर. त्याचा दांडा ग्रॅफाइटचा, डोकं सगळ्यांच्या वर आलेलं. बॅग तोंडावर आपटली की तो नेमका मानेत जातो. त्यावर उपाय आहे. काठ्यांच्या मधोमध ड्रायव्हरपेक्षा दोन बोटं उंच अशी एक लांब-आखूड होणारी दांडी उभी करायची. स्टिफ आर्म म्हणतात तिला. वरून दणका आला की तो तिने खायचा. कंपनीत साहेबांच्या जागी जो बोलणी खातो, त्या कनिष्ठ मॅनेजरचं हे काम ती मुकाट्याने करते, आणि बढतीही मागत नाही. ड्रायव्हरचं डोकं फिरकीच्या पान्याने निघणारं असेल तर काढून मोज्यात घालावं, बाकीच्यांच्या डोक्यांत टॉवेल कोंबावेत. मला विचाराल तर मऊ कव्हर, ही दांडी आणि जुने टॉवेल एवढ्यावर भागतं.

पण मला कुणी विचारत नाही, कारण खरी अडचण निराळीच आहे. इतक्या हौसेने घेतलेली बॅग, तिच्यावर रेशमी भरतकामात नाव, कडेला देशोदेशीच्या कोर्सचे टॅग लोंबतायत. आणि कव्हर चढवलं की हे सगळं काळोखात! सामानाच्या पट्ट्यावरून येतं ते एक लांबट काळं गाठोडं. आत गोल्फ आहे की तंबोरा, बघणाऱ्याला कळायला मार्ग नाही. तंबोरा घेऊन जगभर फिरणारी आपली गायक मंडळी या गल्लतीने सुखावतील, गोल्फर नाही. म्हणून मग कव्हरवरही नाव भरून घेतात, टॅग बाहेर काढून बांधतात, आणि ते कव्हर मळू नये म्हणून विमानतळावर पैसे देऊन त्याला पारदर्शक प्लास्टिकमध्ये गुंडाळून घेतात. पारदर्शक, हे महत्त्वाचं.

कोर्सवर भाड्याने उत्तम सेट मिळतो, हे बोलायचं नाही. भाड्याच्या काठीने तळ्यात घातलेला चेंडू आपला वाटत नाही.

घरच्या मंडळींना मात्र या केसचा वेगळाच गुण दिसलेला असतो. सेट, बॅग आणि कव्हर मिळून पंधरा-सोळा किलो. तिकिटावर २३ किलो असतील तर सात-आठ किलो मोकळे. लेक सिंगापूरला असली तर तेवढ्यात भाजणी, मेतकूट, गोडा मसाला आरामात बसतं. भाजणीच्या पिशव्या ड्रायव्हरच्या मानेभोवती टॉवेलपेक्षा सुबक बसतात, हे माझं निरीक्षण आहे. पुढे आठवडाभर ग्रिपला खमंग वास येतो, तो सोसावा.

चेंबूरला बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबच्या शेजारच्या वस्तीत कॅडीची कामं करणारी पोरं गल्लीबोळांतून गोल्फ खेळत आली आहेत. क्लब म्हणजे वाकवलेली सळी, चेंडू प्लास्टिकचा. त्या क्लबला केस लागत नाही. प्रवासात वाकला तरी कुणाच्या लक्षात येणार?

प्रवासातल्या वाकण्या-मोडण्यासाठी कायदाही आहे. १९९९च्या माँट्रियल करारानुसार आंतरराष्ट्रीय प्रवासात सामानाबद्दल विमान कंपनीची जबाबदारी एका प्रवाशामागे १,५१९ एसडीआर या नाणेनिधीच्या हिशेबी चलनापर्यंत, म्हणजे रुपयांत दीड लाखाच्या वर. डिसेंबर २०२४च्या अखेरीपासूनचा हा आकडा. चौदा काठ्यांची किंमत बरेचदा याच्या पुढे जाते, ती बायकोला सांगितलेली नसते, आणि भरपाईच्या अर्जावर मात्र खरी लिहावी लागते. शिवाय करारात एक पाचर आहे: सामानाच्या अंगच्या दोषामुळे नुकसान झालं असेल तर तेवढ्यापुरती कंपनी सुटली.

यातून मोकळा सुटलेला प्रवासी एकच, अ‍ॅलन शेपर्ड. १९७१ साली अपोलो १४मधून त्याने सहा नंबरच्या आयर्नचं नुसतं डोकं चंद्रावर नेलं आणि तिथली माती उचलायच्या अवजाराच्या दांड्याला जोडलं. केस नाही, जादा वजनाचा काउंटर नाही. दुसरा चेंडू मैलोन् मैल गेला, असं त्याने तिथूनच जाहीर केलं. पन्नास वर्षांनी छायाचित्रं बारकाईने तपासली, तर तो ४० यार्डांवर पडलेला. पण त्याच्यापाशी सबब होती: अंगात अवजड अंतराळपोशाख, फटका एका हाताने.

केस निवडताना नेमकी हीच गोष्ट कुणी ध्यानात घेत नाही. पेटी अभेद्य असली, काठ्या हुआ हिनला जशाच्या तशा उतरल्या, तर पहिल्याच होलवर चेंडू तळ्यात गेल्यावर बोलायचं काय? अंगण वाकडं असण्याची थोडी तरी शक्यता शिल्लक हवी. म्हणून केस मध्यम प्रतीची घ्यावी. चेंडू बुडाला की ड्रायव्हर डोळ्यांसमोर आडवा धरावा, एक डोळा मिटावा आणि ‘विमानात वाकवला लेकाच्यांनी’ असं कॅडीला ऐकू जाईल इतपत म्हणावं. मात्र मोडतोडीची लेखी तक्रार सामान हाती आल्यापासून सात दिवसांत करावी लागते. तिला बोर्डिंग पास, सामानाची पावती आणि फोटो जोडा. स्कोअरकार्ड जोडू नका. कंपनी अंगच्या दोषावर बोट ठेवेल.