नाझरबाबूंचे साहेब

आपण चहाला म्हणून एखाद्याच्या घरी जावे आणि त्याने आपली खुशाली विचारण्यापूर्वीच आपल्या कोपराला धरून आपणास दिवाणखान्यातील काचेच्या टाकीसमोर उभे करावे, "आता जरा हलू नका, ते तुम्हाला न्याहाळून राहिले" असे कुजबुजावे, आणि टाकीतील प्राण्याचे आपल्याविषयी समाधान होईपर्यंत बसावयास खुर्ची देऊ नये, या जातीच्या गृहस्थाचा वाचकांस नव्याने परिचय करून देण्याचे मला काही प्रयोजन दिसत नाही. प्रत्येक तालुक्याच्या गावी तो एक तरी असतोच. आम्हा गोंदियाकरांच्या वाट्याला जे आले आहेत त्यांस सारा मोहल्ला नाझरबाबू म्हणतो.

नाझरबाबूंची अवघी हयात तहसील कचेरीत नाझर म्हणून गेली. कचेरीची तिजोरी, तिचे मेज-खुर्च्या, समन्स बजावणारे शिपाई आणि, सर्वांत मुख्य म्हणजे, दौऱ्यावर येणाऱ्या साहेबलोकांची बडदास्त यांचा कारभारी तो नाझर, हे आजच्या तरुण वाचकांस सांगितले पाहिजे. कोणत्या साहेबांना चहा बिनसाखरेचा लागतो, कोणते विश्रामगृहाची पूर्वेकडील खोलीच मागतात, कोणाच्या पत्नीस नवेगावबांधचा तलाव दाखवून सूर्यास्तापूर्वी परत आणावे लागते, हे सारे नाझरबाबूंच्या जिव्हाग्री असे. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून फुटून गोंदिया जिल्हा निराळा झाला, त्या ऐतिहासिक घटनेविषयी त्यांना विचारले असता ते एवढेच म्हणतात की, "साहेब दुप्पट झाले जी."

अशा मनुष्यास सेवानिवृत्ती कशी सोसावी? काही वर्षे तो निव्वळ पाहुण्यांच्या पाट-पाण्याची व्यवस्था करीत भटकला. पण पाहुणे रजा घेतात, साहेब घेत नाहीत. अखेर एका भाच्याने प्लास्टिकच्या पिशवीत दोन इंचांचे, काळ्यावर नारिंगी ठिपक्यांचे एक पिल्लू आणून दिले आणि "मामा, हा ऑस्कर" असे सांगितले. वर्ष-सव्वा वर्षात ते पिल्लू फूटभर झाले, त्याच्यासाठी चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दोन फूट उंच, म्हणजे सुमारे ३४० लिटर पाण्याची टाकी आली, तिच्या भाराखाली लाकडी मेज कुरकुरू लागले म्हणून लोखंडी घडवंची आली, आणि घडवंचीला जागा हवी म्हणून दूरदर्शन संच माजघरात गेला. माशाचे नाव ऑस्कर हे नाझरबाबूंच्या घरात कोणीही उच्चारत नाही. तिथे ते साहेब आहेत.

हे 'साहेब' प्रकरण प्रथम गमतीचे वाटते, मग असह्य होते. आमगावला एका लग्नात पंगत बसण्याच्या ऐन वेळी नाझरबाबू उठले आणि "साहेब एकटे आहेत, जावं लागते" असे म्हणून निघाले. वधूपित्याने, नाझरबाबूंना पुन्हा कोठे मानधनावर घेतले असावे अशा समजुतीने, कोणी बडे हाकीम मुक्कामास असतील म्हणून जिलबीचा एक वेगळा डबा साहेबांसाठी बांधून दिला. नाझरबाबूंनी तो निर्विकार मुद्रेने स्वीकारला. गल्लीत भेटले तर ते आपणास सांगतात की, साहेबांनी काल काही घेतले नाही. साहेबांचा रंग आज जरा काळवंडला आहे. साहेबांनी सकाळी हीटर उपटून टाकला. नवख्या मनुष्याचा यावर काय तर्क होईल, याची त्यांना फिकीर नाही.

साहेबांची वागणूक मात्र खरोखरच अधिकारीवर्गाला शोभणारी आहे, हे मला मान्य करावे लागते. नाझरबाबू रोज सकाळी टाकीत हात घालून मातीचे मडके डाव्या कोपऱ्यात, प्लास्टिकची वनस्पती उजव्या कोपऱ्यात आणि खडी सर्वत्र सारखी अशी मांडणी करतात. संध्याकाळपर्यंत साहेबांनी तोंडाने खडी उकरून मध्यभागी खड्डा केलेला असतो, मडके उलटलेले असते आणि वनस्पती पाण्यावर तरंगत असते. "नवीन रुजू झालेला कोणता साहेब टेबलाची दिशा बदलत नाही?" असे नाझरबाबू समाधानाने विचारतात. गोळ्या तोंडात घेऊन, चावून, त्यांतील अर्ध्या कल्ल्यांवाटे भुगा करून बाहेर फेकण्याची साहेबांना सवय आहे. सिक्लिड कुळातील या माशांना मुखात एक जबडा असतो आणि घशात दुसरा. पहिल्याने पकडायचे आणि दुसऱ्याने दळायचे. हे मी त्यांना वाचून दाखविले तेव्हा नाझरबाबूंना यत्किंचितही आश्चर्य वाटले नाही. "सगळ्यांनाच असते जी. एक नोटशीटवर चालते, दुसरं खासगीत."

दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉनच्या खोऱ्यातील हा मासा १८३१ साली लुई अगासी या स्विस निसर्गशास्त्रज्ञाने विद्वज्जगतात दाखल केला, परंतु समुद्रातला समजून भलत्याच प्रजातीच्या खाती घातला. पुढे इतरांनी ती नोंद दुरुस्त करून त्यास स्वतंत्र खात्यावर चढविले. ही हकीकत नाझरबाबूंना अत्यंत प्रिय आहे. फेरफार चुकीचा होणे आणि तो दुरुस्त व्हायला वर्षे लागणे, यात त्यांना साहेबांच्या खानदानीपणाचा पुरावा दिसतो.

परंतु साहेबांचा खरा दरारा रविवारी. रविवार हा पाण्याचा दिवस. वैनगंगेवरून नळाला येणारे पाणी शनिवारीच पिंपात भरून ठेवायचे, त्यातील क्लोरीन मारण्यासाठी हायपोचे चार खडे टाकायचे, आणि रविवारी टाकीतले एक-तृतीयांश पाणी, म्हणजे शंभरावर लिटर, नळीने काढून तेवढेच नवे घालायचे, हा त्यांचा शिरस्ता मृत्यू, लग्न अथवा निवडणूक यांपैकी कशानेही मोडलेला नाही. आणि एवढा उपद्व्याप झाला की साहेब रुसतात. तळाशी जाऊन एका कुशीवर कलंडतात, अंगावरचे नारिंगी मावळून जाते, आणि वरचा एक डोळा तेवढा नाझरबाबूंच्या मागोमाग फिरत राहतो. मी प्रथम पाहिले तेव्हा प्राणी मेला असे समजून सांत्वनाचे चार शब्द जुळवू लागलो होतो. "नाराजी आहे," नाझरबाबू हलक्या आवाजात म्हणाले, "दोन तासांत निवळेल. आपण ओसरीवर बसू." आम्ही दोन तास ओसरीवर बसलो. घरात भांडे वाजविण्याची वहिनींना मनाई होती.

वहिनींविषयी एक शब्द लिहिलाच पाहिजे. एका दिवाळीत त्या माउलीने घर झाडता झाडता टाकीच्या फिल्टरमधला काळाकुट्ट स्पंज पाहिला आणि सद्‌भावनेने तो नळाखाली धरून, साबण लावून, लख्ख करून परत बसविला. आता त्या काळ्या घाणीतच सारी प्रशासनव्यवस्था नांदत असते. माशाच्या उत्सर्गातून अमोनिया निर्माण होतो, तो विष. स्पंजात वसलेले जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, तेही विषच. दुसऱ्या जातीचे जिवाणू त्याचे नायट्रेट करतात, ते बरेचसे निरुपद्रवी, आणि रविवारच्या पाण्याबरोबर ते निघून जाते. नाझरबाबू या जिवाणूंना चतुर्थश्रेणी कर्मचारी म्हणतात: कोणाला दिसत नाहीत, कोणी विचारत नाही, आणि नसले की तिसऱ्या दिवशी कचेरी बंद. तसेच झाले. पाणी दुधाळ झाले, साहेब पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागले, आणि लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी नाझरबाबू बादल्या वाहत राहिले. साहेब वाचले. पुढे वहिनींकडून लेखी खुलासा मागविण्यात आला. त्यांनी तो दिला नाही. दोन दिवस स्वयंपाकही दिला नाही. तेव्हा प्रकरण दप्तरी दाखल करण्यात आले. स्पंज धुवायचाच तर टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळावा, अशी हस्तलिखित सूचना तेव्हापासून भिंतीवर, कुलदेवतेच्या तसबिरीखाली, चिकटविलेली आहे.

नवेगावबांधकडचा एक वृद्ध ढिवर मरळ विकावयास आमच्या गल्लीत येतो. त्याला नाझरबाबूंनी मोठ्या अभिमानाने आत नेले. म्हाताऱ्याने कंबरेवर हात ठेवून साहेबांना आपादमस्तक पाहिले आणि अनुभवी स्वरात म्हटले, "दीड किलो भरन. काटा किती असते याले?" नाझरबाबूंचा चेहरा पांढरा पडला. परंतु हे मासे अंडी राखतात, पिल्लांना घेऊन फिरतात, असे त्यांनी चिडून सांगताच म्हातारा मऊ झाला: "मरळ बी तसीच करते, बाबू. पोरायसाठी अंगावर येते." त्या दिवसापासून नाझरबाबूंनी मरळ वर्ज्य केली. टिलापिया त्यांनी आधीच सोडला होता, कारण मूळचा आफ्रिकेतला, १९५२ साली भारतात आलेला आणि पुढे तलावांत मातलेला तो मासा सिक्लिड कुळातलाच, म्हणजे साहेबांचा भाऊबंद. एकदा गोव्याला गेले असता ताटात आलेले कालुंदर हेही त्याच कुळातले, आणि ते तर खास आपल्या देशाचे, हे मीच त्यांना सांगितले; त्यांनी ताट सरकवले, आणि त्यांच्या वाटणीचे कालुंदर वहिनींनी खाल्ले.

पलीकडच्या गल्लीत एका राइस मिलवाल्यांनी वास्तूसाठी फ्लॉवरहॉर्न ठेवला आहे. १९९० नंतरच्या दशकात मलेशियात संकर करून घडविलेला हा मासा, त्याच्या माथ्यावर मेदाचे भले मोठे टेंगूळ येते, आणि टेंगूळ जितके मोठे तितकी मालकाची बरकत मोठी, असे दुकानदार सांगतात. नाझरबाबूंचे त्याविषयी मत एका वाक्याचे आहे: "ते साहेब नाहीत; ते पुढारी." मिलवाल्यांचा पहिला मासा मेला तेव्हा त्यांनी त्याच दिवशी दुसरा आणला, ही गोष्ट नाझरबाबूंनी आजवर क्षमा केलेली नाही. त्यांचा त्याहूनही अधिक संताप आहे तो दोन इंचांचे पिल्लू हौसेने नेऊन, फूटभर झाले की गुपचूप एखाद्या मालगुजारी तलावात सोडून येणाऱ्यांवर. कोहळी समाजाने बांधलेल्या आणि ढिवरांनी पिढ्यान्‌पिढ्या राखलेल्या पाण्यात परदेशी शिकारी मासा सोडणे हे त्यांच्या लेखी अतिक्रमण आहे, आणि अतिक्रमणाविषयी ते ज्या भाषेत बोलतात ती येथे छापण्यासारखी नाही.

मे महिन्यातील एका रात्री मी त्यांच्याकडे गेलो होतो. दिवसा पारा पंचेचाळिसाला टेकलेला, आणि रात्री लाईन गेलेली. लाईन असती तरी घरातल्या एकुलत्या एक कूलरचे तोंड टाकीकडेच असते. पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी मावतो, आणि पंप बंद पडला की तोही मिळत नाही, म्हणून नाझरबाबू मेणबत्ती लावून, बनियनवर, स्टुलावर बसले होते आणि स्टीलच्या गडव्याने टाकीतले पाणी उचलून हातभर उंचीवरून पुन्हा टाकीत ओतत होते. थांबत नव्हते. घाम हनुवटीवरून ओघळत होता, आणि तो पाण्यात पडू नये म्हणून मान बाजूला वळवलेली होती. गडवा ओतता ओतताच त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. ज्यांच्या हाताखाली पाच वर्षे काढली, ज्यांच्या मुलाला टायफॉइड झाला असता रात्री औषध आणावयास ते सायकलने गेले होते, असे एक साहेब गोंदिया जंक्शनच्या फलाटावर त्यांना दिसले. हे हात जोडून उभे राहिले. साहेबांनी यांना हमाल समजून सामान दाखविले. "मग?" मी विचारले. "मग काय, उचललं. जड नव्हतं."

हे सांगताना त्यांच्या स्वरात तक्रार नव्हती. त्यांनी मला टाकीच्या उजव्या अंगाला उभे राहावयास सांगितले. मेणबत्तीच्या उजेडात साहेब मला पाहताच मडक्यामागे गेले. मग नाझरबाबू स्वतः माझ्या जागी आले. साहेब बाहेर आले, काचेला नाक लावले, आणि शेपटी हलवीत राहिले. पाळणाऱ्याचा चेहरा हे मासे ओळखतात, असे पुस्तकांतही लिहिलेले आहे. नाझरबाबूंनी ती पुस्तके वाचलेली नाहीत. "आणि यांची बदली होत नाही," एवढे बोलून ते पुन्हा गडवा भरू लागले. लाईन पहाटे आली.

गेल्या महिन्यात त्यांनी मला बोलावून एक फाईल पुढे केली. ऑस्कर नीट सांभाळला तर दहा-बारा वर्षे सहज जगतो, क्वचित त्याहून अधिक. साहेब आता सहा वर्षांचे, आणि नाझरबाबू बहात्तर वर्षांचे. त्यांनी कचेरीच्या जुन्या नमुन्यात चार्ज रिपोर्ट तयार केला होता: टाकी एक, घडवंची एक, हीटर जाळीसह एक, झाकण एक (साहेब उडी मारतात), गोळ्यांचे डबे दोन, कोळंबी व गांडूळ आठवड्यातून एकदा, जिवंत मासे कदापि नाहीत, कारण त्यांच्यासोबत रोग येतात. खाली 'चार्ज देणार' या सदरी त्यांची वळणदार सही होती. 'चार्ज घेणार' या सदरी शिसपेनने माझे नाव लिहिले होते. माझे घर दोन खोल्यांचे, मी रविवारी झोपतो, आणि साहेब मला पाहून मडक्यामागे जातात. म्हणून मी सही केलेली नाही, आणि शिसपेनचे नाव खोडण्याचेही मला जमलेले नाही.

तरी गोंदिया, गोरेगाव, तिरोडा, आमगाव अथवा जवळपासच्या तालुक्यांतील ज्या कोणा सद्गृहस्थास चार फुटांच्या टाकीपुरती पक्की जमीन, रविवारची मोकळीक आणि वरिष्ठांची नाराजी दोन तास मुकाट्याने सोसण्याचा सराव असेल, त्याने नाझरबाबूंच्या घरी समक्ष येऊन भेटावे. चहा मिळेल, मात्र आधी टाकीसमोर उभे राहावे लागेल.