हाताखालच्या माणसांना प्रोत्साहन देण्याची शासनमान्य रीत

परभणी जिल्ह्यात बदली होऊन आलेल्या अधिकाऱ्याच्या टेबलावर पहिल्याच आठवड्यात दोन वस्तू येतात: पुष्पगुच्छ आणि प्रलंबित प्रकरणांचा गोषवारा. पुष्पगुच्छ इथल्या उन्हात लवकर सुकतो. गोषवारा ताजा राहतो. मग प्रश्न पडतो की ही माणसे कामाला लावायची कशी. या विषयावरची पुस्तके रेल्वे स्टेशनवरही मिळतात, पण ती घेऊ नयेत. सहकाऱ्याशी मोकळेपणाने बोला, काय चांगले झाले ते सांगा, काय राहिले तेही सांगा, त्याचे म्हणणे ऐका, असला धोकादायक उपदेश त्यांत असतो. प्रस्तुत मार्गदर्शनाचे सूत्र उलट आहे. कार्यालयातला संवाद माहिती पोचवण्यासाठी नसून जबाबदारी पोचवण्यासाठी असतो, आणि आपले काम कसे चालले आहे हे कर्मचाऱ्याला जितके कमी कळेल तितका तो शिस्तीत राहतो. शिवाय ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असे जो जिल्हा स्वतःच म्हणून मोकळा झाला आहे, तिथल्या माणसाची पाठ थोपटायला साहेब कशाला हवा?

सूत्राचा पहिला पुरावा प्रत्येक कारकुनाच्या मागच्या रॅकमध्ये बांधून ठेवलेला आहे. महाराष्ट्रातल्या कार्यालयांत सहा गठ्ठे पद्धत चालते: प्रलंबित प्रकरणे, प्रतीक्षाधीन प्रकरणे, नियतकालिके, स्थायी आदेश संचिका, अभिलेख कक्षात पाठवायचे कागद आणि नष्ट करायचे कागद. पद्धत उत्तम आहे, ज्याने ती काढली त्याला कागदाचे मर्म कळले होते. पण नव्या अधिकाऱ्याने लक्ष द्यावे ते पहिल्या आणि दुसऱ्या गठ्ठ्यांमधल्या वीतभर अंतराकडे. प्रलंबित म्हणजे काम माझ्याकडे आहे. प्रतीक्षाधीन म्हणजे मी कोणाला तरी पत्र लिहिले आहे आणि आता त्याच्याकडे आहे. प्रकरण पहिल्यातून दुसऱ्यात नेण्यासाठी ते निकाली काढावे लागत नाही, एक ‘त्रुटीपूर्तता करून फेरसादर करावे’ पुरते. जिंतूरहून आलेला प्रस्ताव सातबाऱ्याची प्रत जोडली नाही म्हणून परत जातो, प्रत जोडून येतो तेव्हा ती तीन महिन्यांपूर्वीची निघते. दोन्ही त्रुटी पहिल्याच पत्रात सांगता आल्या असत्या, असा आक्षेप घेतला जाईल. आल्या असत्या, पण मग दुसरे पत्र लिहायला कारण उरले नसते, आणि दुसऱ्या पत्राविना प्रकरण पुन्हा पहिल्या गठ्ठ्यात बसले असते.

कायदा याच्या आड येत नाही, उलट मदतच करतो. शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्यांचे विनियमन आणि कर्तव्ये पार पाडताना होणाऱ्या विलंबाला प्रतिबंध करणारा महाराष्ट्राचा 2005 चा अधिनियम सांगतो की सामान्यतः कोणतीही नस्ती एका कर्मचाऱ्याकडे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये. कर्मचाऱ्याने यातून घ्यायचा अर्थ स्पष्ट आहे: नस्ती सहाव्या दिवशी हलली पाहिजे. कुठे हलली, हे पाहणारा वेगळा. म्हणून कार्यक्षम कार्यालयात नस्त्या सतत फिरत असतात आणि अर्जदार एकाच बाकावर बसलेला असतो.

आता प्रत्यक्ष बोलण्याची भाषा. सौम्यता आणि प्रेम यांचा उपयोग शिक्षेसाठी करावा, हा इथला सर्वांत नाजूक नियम. साधे पत्र ‘विषय’ आणि ‘संदर्भ’ या शब्दांनी सुरू होते, त्याला कोणी घाबरत नाही. स्मरणपत्र क्रमांक एक, दोन, तीन यांचा उपयोग फक्त पुढच्या स्मरणपत्राच्या संदर्भात लिहिण्यापुरता. खरा धाक अर्धशासकीय पत्राचा, कारण ते ‘प्रिय श्री.’ अशी साद घालून येते आणि ‘आपला’ म्हणून निरोप घेते. साहेबांनी ‘प्रिय’ म्हटले की तालुक्याच्या अधिकाऱ्याचा रक्तदाब वाढतो. वर्षभर नुसते ‘उपरोक्त विषयान्वये’ म्हटले तर तो सुखाने जेवतो. त्याखालची पायरी कारणे दाखवा नोटिशीची. ‘आपणाविरुद्ध शिस्तभंगाची कारवाई का करण्यात येऊ नये’ याचा खुलासा चोवीस तासांत मागवावा आणि तो आल्यावर महिनाभर उघडू नये. पदे रिक्त असल्यामुळे आस्थापनेचा अतिरिक्त कार्यभार त्याच लिपिकाकडे असेल, तर नोटिशीचा मसुदा, तिची आवक-जावक नोंद आणि तिचा खुलासा ही तिन्ही कामे एकाच हस्ताक्षरात होतात. शासनाचा वेळ वाचतो.

सूत्राचे मर्म मात्र गोपनीय अहवालात आहे, म्हणून तिथे थोडे थांबले पाहिजे. वर्षभर माणसाने काय केले याचा एकमेव अधिकृत निवाडा करायचा आणि त्याच्या नावातच गुपित ठेवायचे, ही कल्पना ज्याला सुचली त्याला प्रेरणाशास्त्राचे आद्य प्रवर्तक मानायला हरकत नाही. दुर्दैवाने या व्यवस्थेला न्यायालयाची दृष्ट लागली. सीमा रस्ते सेवेतले एक अभियंता, देव दत्त, यांच्या एका वर्षाच्या अहवालात ‘चांगला’ असा शेरा होता. बढतीसाठी ‘अतिशय चांगला’ लागत असे, त्यामुळे बढती हुकली. शेरा मात्र त्यांना कधी कळवलाच नव्हता, कारण ‘चांगला’ हा काही प्रतिकूल शेरा नव्हे. 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की प्रतिकूलच नव्हे, प्रत्येक शेरा संबंधिताला कळवला पाहिजे. निकालाकडे शांतपणे पाहिले तर त्यात आपल्या सूत्राचे समर्थनच सापडते. ‘तुमचे काम चांगले आहे’ हे एक वाक्य अधिकाऱ्याकडून अभियंत्यापर्यंत पोचवण्यासाठी देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला, म्हणजे ते वाक्य आतल्या आत दाबून ठेवण्याची आपली परंपरा किती भक्कम होती!

आता शेरे कळवले जातात, अहवालाला कार्यमूल्यमापन म्हणतात, पण घाबरून जाण्याचे कारण नाही. ज्या कामावर कार्यालय चालते त्यासाठी नमुन्यात रकानाच नसतो. परभणी 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होती. त्या काळचे महसुली दप्तर उर्दूत, त्याहून जुने काही मोडीत, आणि 1954-55 चे खासरा पत्रक मागायला आजही माणसे गावोगावहून तालुक्याला येतात. तो कागद कोणत्या रुमालात आहे हे ज्याला तोंडपाठ आहे, पुसट अक्षरातले आजोबांचे नाव जो लावून देतो, तो अभिलेख कक्षातला माणूस वर्षाकाठी कितीतरी घरांचे वाद मिटवत असेल. त्याच्या अहवालात लिहायचे ते ‘नेमून दिलेली कामे पार पाडली’. याहून एक शब्द जास्त लिहिला तर पुढच्या साहेबाला त्याचे कारण शोधावे लागेल. आणि असा माणूस नियत वयोमानाने गेला की ते ज्ञान त्याच्यासोबत जाते, मग अर्जदाराला ‘अभिलेख आढळून येत नाही’ असे उत्तर देता येते, जे निकाली काढलेले प्रकरण म्हणून मोजले जाते.

व्हॉट्सॲप गटाविषयी फार लिहीत नाही, ते सर्वांना येते. सूचना रात्री टाकावी. खाली ‘ओके सर’, ‘नोटेड सर’ आणि अंगठे येतील, त्यांची संख्या म्हणजे अंमलबजावणी. चूक दाखवायची ती सर्वांसमोर गटावर, आणि काम चांगले झाले तर स्वतंत्रपणे, तेही शक्यतो नाही.

बैठकीच्या वेळेकडे मात्र बारकाईने पाहावे. पाच दिवसांचा आठवडा 29 फेब्रुवारी 2020 पासून आला आणि कार्यालयाची वेळ पावणेदहा ते सव्वासहा झाली. पूर्णा, परभणी, मानवत रोड, सेलू ही स्टेशने नांदेड-मनमाड मार्गावर आणि गंगाखेड परळीच्या मार्गावर असल्याने जिल्ह्यात अप-डाउन करणारा कर्मचारी बराच, जिंतूर-पाथरीकडचा एस.टी.वर. मुख्यालयी राहण्याचा नियम आहे आणि त्याप्रमाणे घरभाड्याची पावतीही आहे. अशा ठिकाणी आढावा बैठक पाचला बोलवावी आणि साहेबांनी पावणेसहाला यावे, म्हणजे उपस्थितांचे संपूर्ण लक्ष लागते, घड्याळाकडे का होईना. या लोकांत प्रेरणा नाही, असे म्हणणाऱ्याने एकदा फलाटावर उभे राहून पाहावे. अंधारात उठून, डबा भरून, गर्दीत उभ्याने दोन गावे ओलांडून जो माणूस वेळेवर पोचतो त्याच्याकडे इच्छाशक्ती भरपूर आहे. ती कार्यालयाच्या दाराशी काय होते, एवढाच प्रश्न, आणि तो या मार्गदर्शनाच्या कक्षेबाहेरचा.

या पद्धतीवर परदेशी विद्वानांनी काही शंका घेतल्या आहेत, त्यांचे निरसन करणे भाग आहे. शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात 1928 पासून काही वर्षे वीस हजारांवर कामगारांच्या मुलाखती घेतल्या गेल्या. कोणीतरी आपले म्हणणे ऐकून घेतले एवढ्यानेच अनेकांच्या तक्रारींची धार गेली, असे संशोधकांना आढळले. फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी पिट्सबर्गच्या सुमारे दोनशे अभियंत्यांना व हिशेबनिसांना विचारून 1959 मध्ये मांडले की पगार, साहेबाचे वागणे, बसायची जागा यांनी असंतोष कमी होतो, पण कामात रस येतो तो काम पार पडल्याच्या जाणिवेने आणि ते कोणीतरी ओळखल्याने. परभणीच्या भाषेत सांगायचे तर मे महिन्यात पारा 44 च्या पुढे गेल्यावर कूलर दिला नाही तर लोक बोंब मारतील, पण कूलर दिला म्हणून फेरफार लवकर होणार नाहीत. हे मान्य करायला हरकत नाही. अडचण फक्त आर्थिक शिस्तीची आहे. कूलरला लेखाशीर्ष आहे, दरपत्रके मागवता येतात, जडवस्तू नोंदवहीत नोंद होते. ‘तुमच्यामुळे हे झाले’ या वाक्याला लेखाशीर्ष नाही. ज्याचा खर्च पडत नाही त्याचे उपयोगिता प्रमाणपत्र कसे देणार?

याहून अवघड आक्षेप घरचाच आहे. तेव्हाच्या अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी 1980 च्या दशकात कार्यालयाची मांडणी आणि कागदांची लावणी बदलून कामाला गती दिली, आणि ‘लखिना पॅटर्न’ हा शब्द सरकारी मराठीत रुळला. पुढे चंद्रकांत दळवी यांनी पुणे विभागीय आयुक्त असताना झीरो पेंडन्सीचा आग्रह धरला. 2025 च्या सुरुवातीला राज्य सरकारने 100 दिवसांचा कार्यालयीन सुधारणा कार्यक्रम काढला तेव्हा सात कलमांत स्वच्छता, तक्रार निवारण आणि कामाच्या ठिकाणच्या सोयी यांनाही जागा होती. माणसे तीच, पगार तोच, मग काम कसे झाले? उत्तर गैरसोयीचे आहे. या अधिकाऱ्यांनी प्रेरणेवर व्याख्याने देण्यापेक्षा प्रत्येकाच्या टेबलावर किती आले, किती गेले आणि काय अडले ते रोज त्याला स्वतःला दिसेल अशी सोय केली. म्हणजे आपण जे झाकायला सांगतो तेच त्यांनी उघडे ठेवले. अशा अधिकाऱ्यांचे अनुकरण करण्यात धोका हा की कारकुनाच्या टेबलावरचा आकडा दिसू लागला की साहेबांच्या टेबलावरचाही दिसतो, आणि स्वाक्षरीविना पडलेल्या नस्त्या प्रतीक्षाधीन म्हणून कुठल्याच गठ्ठ्यात बांधता येत नाहीत. म्हणून अशा प्रयोगांचे शासन निर्णय काढावेत, पुरस्कार द्यावेत, अभ्यास दौरे न्यावेत. बदली झाल्यावर रॅक पूर्ववत होतात.

खाजगी क्षेत्रात हे चालत नाही, असे कोणी म्हणेल. पतसंस्थेच्या वसुली अधिकाऱ्याला किंवा बँकेच्या विमा विकणाऱ्या कॅशियरला विचारावे. तिथे गठ्ठ्याऐवजी टार्गेट असते, आणि ते गाठल्याचे बक्षीस म्हणजे पुढच्या तिमाहीत वाढलेले टार्गेट.

स्तुतीला संपूर्ण बंदी आहे असा गैरसमज मात्र होऊ नये. तिची वेळ ठरलेली आहे. कर्मचारी 58 वर्षांचा झाला, चतुर्थश्रेणी असेल तर 60, की महिन्याच्या अखेरच्या दिवशी निरोप समारंभ ठेवावा. त्या दिवशी तो कामसू, मनमिळाऊ, वक्तशीर आणि कार्यालयाचा आधारस्तंभ असल्याचे जाहीर करण्यास पूर्ण मुभा आहे, कारण त्या शब्दांवर आता त्याला बढती मागता येत नाही, आश्वासित प्रगती योजनेचा लाभ मागता येत नाही, की सोयीची बदलीही. त्याची बायको पहिल्या रांगेत बसवावी. नवऱ्याविषयी असे काही कार्यालयात बोलले जाते हे तिला तिथेच पहिल्यांदा कळते. भाषणाचा मसुदा आस्थापना शाखेत ठेवलेला असतो, त्यात नाव आणि पदनाम तेवढे बदलावे. शाल-श्रीफळाची वर्गणी पगाराच्या दिवशीच गोळा करावी, नंतर कोणी देत नाही. आणि त्याच्या सेवापुस्तकातल्या त्रुटींचे पत्र समारंभ आटोपल्यावर, दुसऱ्या दिवशीच्या जावकेत घ्यावे.