बिनपान्याचे मिस्त्री

श्रीगोंद्यात गाडी बंद पडली तर फारसं कुणी जमत नाही. बंद गाडी ढकलावी लागते, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण गाडी चालू आहे, ओरडते आहे आणि तिचं बॉनेट वर झालंय असं दिसलं की रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी माणसं येतात. या घोळक्यात एक माणूस असा येतो की बाकीचे आपोआप अर्धं पाऊल मागे सरकतात. पांढरा शर्ट, खिशाला पेन, हात पाठीमागे बांधलेले. कागदोपत्री नाव काहीही असो, हाक एकच: नाना.

नाना साखर कारखान्यातून रिटायर झाले. त्यांचं इंजिनांवरचं बोलणं ऐकून नवखा माणूस धरून चालतो की हे वर्कशॉपला असणार. नाना टाइम ऑफिसला होते. उभी नोकरी हजेरीपटावर सह्या घेण्यात गेली. पण गळीत हंगामात मिलचा आवाज जरा बदलला की नाना म्हणे मान वर करून सांगायचे, 'दोन नंबरला काहीतरी झालंय.' खरंच काही झालेलं असायचं का, हे विचारायची पद्धत नव्हती. पान्याला हात न लावता मिस्त्री होता येतं, हा शोध मात्र त्यांना तिथेच लागला.

नानांचं खरं कार्यक्षेत्र म्हणजे जुनी गाडी. नव्या गाड्यांवर त्यांचा राग आहे. इंजिनावर प्लॅस्टिकचं झाकण, पुढे एकच लांबलचक बेल्ट, त्याला ताणून धरणारा टेन्शनरही आपोआप चालणारा. 'त्यात माणसानं बोलायचं काय?' असं ते विचारतात. मारुती 800 म्हटलं की मात्र चेहरा खुलतो. 1983 च्या डिसेंबरात ही गाडी आली आणि 2014 ला बनायची थांबली, पण तालुक्यात ती अजून कुणा गुरुजींच्या, कुणा निवृत्त तलाठ्यांच्या दारात उभी असते. तिचं बॉनेट उघडलं की सगळं उघड्यावर दिसतं. पुली दिसते, बेल्ट दिसतो, अल्टरनेटर दिसतो. नानांना बोलायला जागा मिळते.

समजा, अशीच एका गुरुजींची मारुती गॅरेजसमोर उभी आहे. सकाळी स्टार्टर मारला की 'कुंईऽऽ' करून अशी किंचाळते की मागून गाणी लावून चाललेला उसाचा ट्रॅक्टर आपला डेक बारीक करतो. नाना पोचण्याआधी तीन निदानं झालेली असतात. एक म्हणतो, हेड गेलं. दुसरा म्हणतो, पेट्रोलमध्ये भेसळ. तिसऱ्याचा मुलगा पुण्यात कंपनीत आहे, म्हणून तो 'सेन्सर' म्हणतो. गाडीत सेन्सर नसल्याचं कळल्यावर तो म्हणतो, 'तेच तर!' गुरुजींच्या मंडळींनी बंपरला लिंबू-मिरची बांधून दिलेली असते. लिंबाच्या बागांचा हा तालुका, त्यामुळे उपाय हाताशी आणि लिंबूही टपोरं. नाना त्याकडे एकदा बघतात. "गुरुजी, बेल्टला दृष्ट लागत नाही. बेल्टला ताण लागतो."

इथे खरं तर निदान झालेलं आहे. पण एवढ्यावर थांबले तर ते नाना कसले? काष्टीच्या बाजारात व्यापारी बैलाचे दात मोजून झाल्यावरही शेपटीपर्यंत जातो, तसे नाना आता गाडीकडे वळतात. आधी उलटतपासणी.

"आवाज कधी येतो? सकाळी का दिवसभर?"

"सकाळी, नाना. मिनिटभर येतो, मग कमी होतो."

"लाइट लावल्यावर वाढतो?"

"व्हय."

"स्टिअरिंग वळवताना?"

"नाना, या गाडीला पॉवर स्टिअरिंग नाही."

"म्हणजे तो प्रश्न निकालात निघाला."

मग नाना घोळक्याकडे तोंड करून समजावतात. स्टार्टर मारताना बॅटरीतला करंट खर्च होतो. तो भरून काढायला अल्टरनेटर पहिली काही मिनिटं जोर लावतो. लाइट लावले की त्याचा भार आणखी वाढतो. अल्टरनेटर जड फिरतो, बेल्ट सैल असला की पुलीवरून घसरतो आणि घसरलेलं रबर ओरडतं. त्यात पहाटेचं दव. यात एक अक्षर खोटं नाही आणि नानांची खरी अडचण हीच आहे. ते चुकत असते तर लोकांनी त्यांना कधीच गप्प केलं असतं.

पुढे प्रयोग. नाना गॅरेजमधल्या पोराला पाण्याची बाटली आणायला लावतात. "बेल्टवर शिंपड. लांबून! गळ्यातला रुमाल आधी काढ, तो बेल्टात गेला तर पाठोपाठ तू जाशील." पाणी पडल्यावर आवाज क्षणभर थांबून परत आला तर पुल्या एका रेषेत नाहीत, उलट वाढला तर बेल्ट घसरतोय आणि काहीच फरक पडला नाही तर बेल्टला सोडा, बेअरिंगला धरा. पाणी पडतं. गाडी जिवाच्या आकांतानं ओरडते. नानांच्या चेहऱ्यावर मुलाचा निकाल लागल्यासारखं समाधान.

तरीही बेअरिंग राहिलंच. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक अल्टरनेटरच्या अंगाला टेकवायचं आणि मूठ कानाला लावायची. खराब बेअरिंग सहसा किंचाळत नाही, ते आतल्या आत घरघरतं. नाना डोळे मिटतात. गर्दी गप्प होते. "बेअरिंग ठणठणीत," नाना जाहीर करतात आणि गुरुजी स्वतःचंच हृदय तपासून घेतल्यासारखे हुश्श करतात.

गाडी बंद करायला लावून नाना पोराकडून बेल्ट मधोमध अंगठ्यानं दाबून घेतात. साधारण एक सेंटिमीटर दबला पाहिजे, हा तर चांगला तीन बोटं खाली जातो. "गेल्या महिन्यातच आवळला होता," गुरुजी म्हणतात. नाना याच वाक्याची वाट बघत असतात. ते पुलीच्या खाचेत बॅटरीचा झोत मारायला सांगतात. खाचेचा तळ नव्या ताटलीसारखा लखलखीत. "बघा! व्ही बेल्टनं खाचेच्या दोन्ही भिंती धरायच्या असतात. हा झिजून झिजून तळाला बसलाय. कडा बघा, काचेसारख्या गुळगुळीत. आता किती आवळला तरी धरणार नाही. उलट जास्त ताणलात तर अल्टरनेटरचं बेअरिंग जाईल. वॉटर पंपही याच्यावरच फिरतो. बेल्ट वाटेत तुटला तर आधी लाल दिवा लागेल आणि मग इंजिन तापेल. पेडगावच्या रस्त्याला अडकलात तर बहादूरगड बघत बसा." साबण, मेण, पावडर हे उपायही ते जाता जाता मोडीत काढतात. गिरणीच्या पट्ट्याला राळ लावायचे ते दिवस गेले, असं सांगतात. मग महादजी शिंद्यांवर येतात. गावात शिंद्यांचा वाडा असल्यामुळे नानांचं कुठलंही निदान तिथून गेल्याशिवाय पुरं होत नाही. "1771 ला महादजींनी दिल्ली घेतली. तोफा बैलांनी ओढल्या. बेल्टची भानगडच नव्हती, म्हणून पोचले!"

हे सगळं चालू असताना मिस्त्री कुठे असतो? तो गाडीला टेकून उभा असतो. नवा बेल्ट त्याच्या मनगटात कड्यासारखा अडकवलेला असतो. गाडी कोपऱ्यावरून वळली तेव्हाच आवाज ऐकून त्यानं पोराला स्पेअर पार्टच्या दुकानात पिटाळलं होतं. नानांचं 'म्हणून सांगतो' झालं की तो पुढे होतो. अल्टरनेटरचे बोल्ट ढिले करतो, जुना बेल्ट काढतो, नवा चढवतो, टॉमीनं अल्टरनेटर मागे रेटतो आणि बोल्ट आवळतो. नानांच्या प्रस्तावनेलाही यापेक्षा जास्त वेळ लागला होता. गाडी चालू होते. आवाज नाही. घोळक्याची निराशा लपत नाही.

मिस्त्री नानांना मध्येच का थांबवत नाही, असं कुणी विचारलं तर तो हसतो. 'नाना बोलतात तोवर गिऱ्हाईक घासाघीस करत नाही. ऐकून ऐकून त्याला वाटायला लागतं, काम फार मोठं आहे.' बेल्टचे पैसे आणि मजुरी गुरुजी निमूट देतात. जमलेल्या सगळ्यांचा चहाही त्यांच्याच नावावर लागतो. नाना फुंकर मारत मारत शेवटची सूचना देतात.

"नवा बेल्ट थोडा ताणला जातो, गुरुजी. आठ-दहा दिवसांनी परत आवळायला आणा."

"आवाज नाही आला तरी?"

"नाही आला तर आणखी लवकर आणा. येत नाही म्हणजे काय, कुठंतरी दबून बसलाय!"