चार शहरं आणि एक चाळ

लालबागच्या माणसाला परदेश फार लांब नसतो. तळमजल्यावरच्या अण्णांच्या हिशेबाने तो शीवच्या पुढे सुरू होतो. त्यांना कायद्याचा आधारही आहे. १९५० सालापर्यंत मुंबई महापालिकेची हद्द माहीम आणि शीवपाशी संपत होती. पुढे ती अंधेरी-भांडुपपर्यंत गेली, १९५७ साली दहिसर-मुलुंडला पोचली. पण अण्णांना कुणी विचारलं नव्हतं, म्हणून त्यांनी ती अजून मंजूर केलेली नाही. त्यांची धाकटी बहीण लग्न होऊन डोंबिवलीला गेली तेव्हा जी रडारड झाली, तेवढी पुढे मुलगा दुबईला गेला तेव्हाही झाली नाही.

त्यामुळे कंपनीने माझ्या भाच्याला "म्युनिक, टोरांटो, मेलबर्न, सिंगापूर, कुठे जातोस ते तूच ठरव" असं सांगितल्यावर हा प्रश्न चाळीने हातात घेतला. भाच्याने एक्सेलमध्ये तक्ता केला होता. भाडं, कर, पगार, व्हिसा, हवामान, प्रत्येकाला गुण. शेवटी त्या लंडनच्या 'इकॉनॉमिस्ट'वाल्यांची यादी. ते दरवर्षी जगातल्या १७३ शहरांना स्थैर्य, आरोग्यसेवा, संस्कृती-पर्यावरण, शिक्षण आणि पायाभूत सुविधा या पाच विषयांत तपासतात. २०११ ते २०१७ सलग सात वर्षं मेलबर्न पहिलं आलं, नंतर बहुतेक वेळा व्हिएन्ना आणि २०२५ साली कोपनहेगन.

"मग पहिल्या नंबरच्या गावात तुझ्या कंपनीचं ऑफिस का नाही?" शेजारच्या काकूंनी विचारलं. ज्या कंपनीला तो रोज शिव्या घालतो, तिची बाजू घेण्याची वेळ भाच्यावर आली.

चाळीने विषय तेच ठेवले, पेपर मात्र स्वतः काढला. आरोग्यसेवा म्हणजे केईएम किती लांब. पायाभूत सुविधा म्हणजे चालत किती स्टेशनं. आम्हाला करी रोड, चिंचपोकळी आणि परळ अशी तीन आहेत, आणि पाऊस नसला तर दादरही. संस्कृती म्हणजे गणपती किती दिवसांचा आणि विसर्जन कुठे. स्थैर्य म्हणजे पागडी. घरमालक दर वर्षी करार बदलतो, हे ऐकल्यावर चारही शहरं स्थैर्यात नापास झाली.

म्युनिक पहिल्याच फेरीत गेलं. भाचा म्हणाला, रविवारी तिथली दुकानं बंद असतात.

"अगंबाई, मग मटण कधी आणायचं?" काकू म्हणाल्या.

शिवाय रविवारी भिंतीत खिळा ठोकायचा नाही, आणि रात्री दहानंतर आवाज नाही. "दहाचा नियम आपल्याकडेही आहे," अण्णांनी सांगितलं. "आहे," भाचा म्हणाला, "पण तिकडे तो पाळतात." यावर म्युनिकच्या बाजूने बोलायला कुणी उरलं नाही.

सिंगापूरने सुरुवातीला मजल मारली. तिथे पाचातली जवळजवळ चार माणसं सरकारी गृहनिर्माण मंडळाने बांधलेल्या घरांत राहतात, हे ऐकून अण्णा सावरून बसले. "म्हणजे अख्खं शहर म्हाडाचं! लॉटरी कधी निघते?" तिथे नव्या घरांसाठी खरोखरच सोडत असते, पण बाहेरून आलेल्याने भाड्यानेच राहायचं, असं कळलं. वर १९९२ पासून तिथे च्युइंगगम विकायला बंदी. "गमला बंदी, तर आपल्या मळलेल्याला काय?" असं म्हणत दोघेजण पिंक टाकायला गॅलरीत गेले आणि सिंगापूर तिथेच पडलं.

मेलबर्न माझ्या बहिणीने पाडलं. रात्री नऊला तिची सिरीयल संपते, तेव्हा तिथे मध्यरात्रीचा दीड वाजलेला असतो. मुलाची झोप मोडायची की सिरीयल, याचा तिने प्रामाणिकपणे विचार केला. टोरांटोत त्याच वेळी सकाळचे साडेअकरा. म्हणजे पोरगा ऑफिसात, जागा आणि दुसऱ्याच्या पैशाने बसलेला.

दादरची आत्या एवढा वेळ गप्प होती. ती शिवाजी पार्कला राहते, त्यामुळे आमच्याकडे आली की तिला परदेशी आल्यासारखंच वाटतं. "लंडनचं बघ ना," ती म्हणाली. "तिथे महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे." लंडन यादीत नव्हतं, पण त्याने आत्या कधी थांबलेली नाही. आमच्या मंडळाच्या खजिनदाराने मनातल्या मनात वजाबाकी केली आणि त्याचा चेहरा उतरला. लालबागचा राजा १९३४चा. म्हणजे लंडनचं मंडळ दोन वर्षांनी मोठं निघालं. थोड्या वेळाने तो म्हणाला, "असेल. पण नवसाला पावतं का?"

राहता राहिलं टोरांटो. तिथली थंडी तक्त्यात लाल रंगात होती, भाडंही लाल, करही लाल. तरी भाचा टोरांटोलाच गेला. कारण एका टोकाला, कुठल्याच रकान्यात न बसणारी नोंद होती: कॉलेजातला ठाकुरद्वारचा मित्र तिथल्या एका घराच्या बेसमेंटमध्ये राहत होता आणि तिथे एक गादी रिकामी होती.

हे आमच्या घराण्याला धरूनच झालं. माझे आजोबा कोकणातून बोटीने भाऊच्या धक्क्यावर उतरले. त्यांनी तक्ता केला असता तर सोलापूर जिंकलं असतं. गिरण्या तिथेही होत्या, हवा कोरडी आणि बोट लागायची भानगड नाही. पण सोलापुरात गावकीची खोली नव्हती, लालबागला होती. दहा बाय दहाच्या त्या खोलीत गावातले पंधरा-वीस गडी. प्रत्येकाची एक ट्रंक, एक खुंटी, महिन्याची वर्गणी आणि जेवायला खानावळ. गिरणी तीन पाळ्यांत चाले, म्हणून गाद्याही तीन पाळ्यांत चालत. रात्रपाळीवाला यायचा तेव्हा त्याची गादी पहिल्या पाळीवाल्याने नुकतीच ऊबदार करून ठेवलेली असायची. धोबीतलावला गोवेकरांच्या कुडी होत्या, त्याही गावागावांच्या. बोटीवर नोकरी शोधणाऱ्या खलाशाला मुंबईत पाठ टेकायला आपल्या गावाची कूड. कुणी शहर निवडत नव्हतं. आधी गेलेला माणूस जिथे झोपायचा, ते शहर.

लोकांना उगाच वाटतं की परदेशी जाणारा तरुण जग धुंडाळून शहर निवडतो. तो ओळखीचा माणूस निवडतो. पगार, हवा आणि हिरवी झाडं ही नंतर नातेवाइकांना सांगायची कारणं. ब्रॅम्प्टन, एडिसन, सनीवेल या गावांत आपली माणसं निसर्गसौंदर्य पाहून जमलेली नाहीत.

आता भाच्याच्या बेसमेंटमध्ये तिघे आहेत. एक रात्री वेअरहाउसला जातो, त्यामुळे गाद्या दोनच लागतात. रविवारी मटण मिळतं. केईएम लांब आहे. चाळीतली आणखी दोन पोरं जायच्या तयारीत आहेत. त्यांना मी शहरांची तुलना करा म्हणून भाच्याचा तक्ता पाठवला. दोघांनीही तो उघडला नाही. त्यांनी भाच्याला थेट फोन करून एवढंच विचारलं, दिवसपाळीची गादी कधी मोकळी होते.